तोरणमाळच्या पायथ्याशी चार दिवस, एका पिंगळ्यासाठी

मला आठवीत भूगोल शिकवणारे सर अमळनेरला येण्याआधी एकोणीस वर्षं शहाद्याला होते. म्हसावद, राणीपूर, तोरणमाळचा पायथा हा सगळा भाग त्यांनी आधी सायकलवर आणि मग लूनावर पालथा घातलेला. १९९६ साली त्यांची बदली झाली. पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा सापडला. ११३ वर्षं ज्याची खात्रीची नोंद नव्हती, जो जगातून संपला असंच पुष्कळांनी धरलं होतं, असा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी. "माझ्या रोजच्या वाटेवर होता गं तो. मी कधी मान वर केली नाही," हे वाक्य मी सरांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल! निवृत्तीनंतर त्यांनी दुर्बीण घेतली, खानदेशातली धरणं आणि माळरानं हिंडले. पण या डोंगरात परत यायचं राहून गेलं आणि मग गुडघे दुखायला लागले.

गेल्या डिसेंबरात मीच हट्ट धरला. सर आता बहात्तर वर्षांचे आहेत, अजून किती पुढे ढकलायचं? भावाने गाडी काढली, त्याची बारा वर्षांची मुलगी सुट्टी पाडून आमच्याबरोबर आली. म्हसावदजवळच्या आश्रमशाळेत माझी एक मैत्रीण शिकवते. तिच्या जुन्या विद्यार्थ्याचं घर तोरणमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर आहे. त्यांच्या खळ्यात तंबू लावायचं ठरलं. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईल.

पहिला दिवस : तापी ओलांडून

दोंडाईचापर्यंत सांगण्यासारखं काही नाही. सारंगखेड्याच्या पुलावर मात्र गाडी थांबवावीच लागली. दत्तजयंती होऊन चारच दिवस झालेले, यात्रेतला घोडेबाजार अजून उठला नव्हता. तापीच्या काठाने पांढरे, अबलख, काळे घोडे, त्यांच्या अंगावरच्या झुली, मालीश करणारी पोरं. भाची खिडकीतून अर्धी बाहेर. सर म्हणाले, "हे घोडे बघ, पण मागे बघ काय आहे." मागे, धुरकट निळ्या रेघेसारखा सातपुडा.

शहाद्याच्या पुढे पपईची आणि केळीची शेतं, उसाच्या गाड्या. म्हसावदला मैत्रिणीकडे चहा झाला. पोहे मी खाऊ शकले नाही, कारण त्या दिवशी माझी संकष्टी होती. राणीपूर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडी लागते, पानं वाळून कागदासारखी झालेली. तोरणमाळच्या घाटाला लागायच्या आधीच आम्ही आडवाटेला वळलो. शेवटचे दोन किलोमीटर गाडी इतकी हळू चालली की सर उतरून पायी पुढे निघाले आणि आमच्या आधी पोहोचले.

घर कुडाच्या भिंतींचं, वर कौलं. पुढे शेणाने सारवलेलं खळं, एका कोपऱ्यात तुरीचे भारे, दुसऱ्यात मक्याच्या कणसांची रास. घरात पावरा समाजाचं एक जोडपं, सगळे ज्यांना बाबा आणि आजी म्हणतात ते, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलाला आम्ही दादा म्हणू लागलो. त्याचं मराठी आश्रमशाळेतलं, नीटनेटकं. बाबांचं मराठी मोजकं, पण जे बोलायचे ते नेमकं.

शेताच्या पलीकडे उतारावर एक जुनी सालई उभी होती, एकही पान नसलेली, साल पापुद्र्यांनी सुटलेली. तिच्या आसपास मोहाची चार झाडं आणि मग विरळ साग चढत वरपर्यंत. मी तेव्हा त्या सालईकडे फक्त नजर टाकली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला आणि गारठा एकदम अंगावर आला. पंचांगातल्या वेळेला चंद्र उगवला असेल, पण आमच्या पूर्वेला डोंगराची भिंत. आजींना माझा उपास कळला तेव्हा त्या वाटेकडे डोळे लावून बसल्या, दर थोड्या वेळाने उठून डोंगराच्या कडेकडे बघायच्या. सगळ्यांचं जेवण झालं, शेकोटीत लाकूड दोनदा घातलं, मृग नक्षत्र चांगलं वर आलं, तरी चंद्राचा पत्ता नाही. मग त्या कडेवरच्या झाडांची एकेक फांदी उजळायला लागली. आजी माझ्या आधी ओरडल्या. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य त्यांनीच हातावर घेतला आणि मग मला वाढलं: ज्वारीची भाकरी, आमचूर घातलेली उडदाची डाळ, लसूण आणि लाल मिरचीची पाट्यावर वाटलेली चटणी. हे आमचूर त्यांच्या घरचं. धडगावच्या बाजूला उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात, कितीतरी घरांचा वर्षाचा पैसा त्यावर उभा राहतो. त्या डाळीची आंबट चव अजून जिभेवर आहे.

शेकोटीपाशी सरांनी भाचीला पिंगळ्याची गोष्ट सांगितली. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला हा पक्षी आजच्या छत्तीसगडच्या बाजूला मिळाला. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला तेच ह्यूम, त्याला शास्त्रीय नाव दिलं. १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन यांनी आपल्या पश्चिम खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचं काहीच नाही. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलाने सांगितलं की १९१४ साली आपल्याला हा पक्षी गुजरातेत मांडवीला मिळाला. लोक पुढे कित्येक वर्षं त्या भागात शोधत राहिले. ते खोटं होतं. संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून त्याने आपला म्हणून दाखवला होता. पामेला रासमुसेन यांनी हे उघडकीला आणलं, आणि तो चोरलेला नमुना डेव्हिडसनचाच, म्हणजे खानदेशातलाच निघाला. मग खोटी जागा यादीतून काढून टाकली, खऱ्या नोंदी तेवढ्या हातात ठेवल्या, आणि रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या जुन्या जागा बघत निघाले. पूर्वेकडे नाही मिळाला. शहाद्याजवळ मिळाला, दिवसाढवळ्या, निष्पर्ण झाडावर बसलेला.

"म्हणजे एका माणसाच्या खोटेपणामुळे सगळे चुकीच्या ठिकाणी शोधत होते?" भाचीने विचारलं.

"हो. आणि बरोबर ठिकाणी राहणारे आपण शोधतच नव्हतो," सर म्हणाले.

बाबा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी दादाला काहीतरी विचारलं. दादा म्हणाला, "बाबा विचारतात, दिवसा बसतो तोच का? शेपटी हलवतो तो?" सरांनी हातातला कप खाली ठेवला. बाबांनी अंधारातच हात करून उताराकडे दाखवलं.

*इथे जाणाऱ्यांसाठी थोडं : वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही आणि तोरणमाळचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा मुक्काम कुणाच्या तरी मालकीच्या शेतात किंवा खळ्यात, त्यांना आणि गावच्या पोलीस पाटलांना सांगून करा. रोख पैसे, पेट्रोल, औषधं शहाद्यालाच घ्या. राणीपूरच्या पुढे मोबाइलला रेंज येते-जाते. घरच्यांसाठी काही न्यायचं असेल तर चहा-साखर आणि चांगलं तेल न्या, मिठाईचे पुडे नकोत.*

दुसरा दिवस : खळ्यात पांढरं

"ताई, ऊठ, बाहेर बरफ पडेल शे!" भावाची अहिराणीतली हाक ऐकून मला आधी थट्टा वाटली. तंबूची चेन उघडली तर आतल्या बाजूला कापडावर थापलेला थर खरवडून माझ्या हातावर पडला. आमच्या श्वासाची वाफ गोठलेली. बाहेर तुरीच्या भाऱ्यांवर, गाडीच्या टपावर, मक्याच्या धांड्यांवर पांढरी साय. सातपुड्यात दव गोठतं हे डाब, तोरणमाळच्या बातम्यांत वाचलेलं, पण सारवलेल्या खळ्यावर बोटाने नाव लिहिता येईल असं दिसेल याची कल्पना नव्हती. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पोळणारा हाच खानदेश! भाचीने खरंच नाव लिहिलं, स्वतःचं आणि आजींच्या दोन्ही नातवंडांचं.

तंबू मात्र चुकीचा निघाला. भाड्याने देणाऱ्याने सगळ्या ऋतूंचा म्हणून दिला होता, पण तो एकपदरी होता, हवा खेळायला वर झरोका नाही. पहाटे सगळ्यांची पांघरुणं ओली. डिसेंबर-जानेवारीत या बाजूला येणार असाल तर दुपदरी तंबू मागा, स्वतः उघडून बघा, आणि अंगाखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई असू द्या. थंडी वरून येते त्याच्या दुप्पट खालून येते. आम्हाला शेवटी आजींच्या गोधड्यांनी तारलं.

सरांचा गुडघा त्या थंडीने आखडला होता. ते म्हणाले, तुम्ही दादाबरोबर वर जाऊन या, मी खळ्यात उन्हाला बसतो. आम्हाला वाईट वाटलं, पण पक्षी वरच्या जंगलात असणार अशी आमची समजूत. साडेसातला निघालो.

ती वाट खरं म्हणजे वाचायची होती. ओढ्याच्या मऊ धुळीत दादाने पहिला ठसा दाखवला: चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. थोडं पुढे तसेच ठसे, पण नखं स्पष्ट, आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा चांगलाच मोठा. ते तरस. पुढचा भाग जड, मागचा उतरता, त्या प्राण्याची सगळी ठेवण दोन ठशांत उतरलेली. मग एका वळणावर वारूळ फोडलेलं, आत हाताच्या कोपराएवढं खोल भोक, आणि जवळच बोराच्या बियांनी गच्च भरलेली विष्ठा. अस्वल. "थंडीत बोरं खातो, होळीच्या सुमारास मोहाखाली येतो," दादा म्हणाला. मोह वेचायला पहाटे निघालेल्या बायका आणि मोह खायला आलेलं अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येतात, तेव्हाच दगाफटका होतो. म्हणून त्या दिवसांत बायका एकट्या जात नाहीत, बोलत-बोलत जातात.

वर सातभाईंचा कालवा, टकाचोर, एका वाळक्या फांदीवर राखी धनेशाची जोडी. निखारांचा थवा सागाच्या शेंड्यांवरून ठिणग्या उडाव्यात तसा सरकत गेला. एका पिंगळ्याने फसवलं. जीव वरखाली झाला, पण डोक्यावर ठिपकेच ठिपके, म्हणजे आपला नेहमीचा, गावातल्या वडावर दिसणारा. सरांनी भाचीला पाठ करून घेतलं होतं: रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर रुंद गडद पट्टा, खाली पोट पांढरं, पाय जाडजूड आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले, चोच मोठी. आकाराने साळुंकीएवढाच, पण अंगाने थोराड.

साडेचार तास डोंगर चढून-उतरून बारा वाजता परतलो. सर खळ्यात होते तिथेच होते. मांडीवर वही. चेहरा बघूनच मला कळलं.

"नऊ वाजून दहा मिनिटं. सालईवर," ते म्हणाले. पुढे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग वही माझ्याकडे दिली. त्यातलं जसंच्या तसं देते: "९.१०. सालईच्या उजव्या फांदीवर, ऊन खात. डोकं कोरं. शेपूट डावी-उजवी, झटके देत. ९.१८ खाली बांधावर झेप, तोंडात सापसुरळी. परत त्याच फांदीवर. ९.३१ साद, मऊ, दोन तुकड्यांची. वरून दुसऱ्याचा जबाब. ९.३३ दोन कोतवाल त्याच्या मागे लागले, उडून मोहाकडे. बाबा शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात धरला होता."

आम्ही जंगल धुंडाळत होतो आणि तो शेताच्या बांधावरून सापसुरळी उचलत होता! आता वाचलेलं आठवलं: हा पक्षी दाट जंगलाचा नाहीच. विरळ, पानझडी, उघडं रान, मधे मोकळी जमीन, बसायला निष्पर्ण फांदी आणि अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली, एवढी त्याची गरज. आणि तो दिवसा शिकार करतो. रात्रीच्या पक्ष्याला शोधावं तसं त्याला शोधलं तर सापडत नाही.

दुपारी सरांनी बाबांना त्या सालईबद्दल विचारलं. हा उतार बाबांच्या वडिलांनी कसायला घेतलेला, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आता त्यांच्या नावाचा वनपट्टा झाला आहे. भोवतालच्या टेकड्या बऱ्याच उघड्या पडल्या आहेत, हे नाकारून चालणार नाही, आणि रानपिंगळ्याला सर्वांत मोठा धोका तोच आहे. पण बाबांनी बांधावरची झाडं राखली आहेत. मोह अन्नदाता म्हणून. सालई? "तिचं लाकूड कामाचं नाही. डिंक देवाला धुपाला लागतो. राहू दिली." पोटाला अन्न देणारं आणि देवाला धूप देणारं अशी दोन्ही झाडं शेतात असावीत, ही या घराची जुनी रीत. एक अख्खी पक्ष्याची जात त्या रीतीवर टिकून आहे, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजून वाटतं.

तिसरा दिवस : वर तोरणमाळ, रात्री खाली

सकाळी सहापासून खळ्यात बसलो. तो आला नाही. साडेदहापर्यंत वाट पाहिली, वरून दोनदा साद ऐकली एवढंच. भाचीचे डोळे भरून आले, तेव्हा सरांनीच ठरवलं की आज वर जाऊन यायचं.

घाट चढून तोरणमाळ. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची. यशवंत तलावाचं पाणी भर दुपारीही बर्फासारखं, त्यावर चांदव्यांचे काळे ठिपके आणि काठाकाठाने डुबक्या मारणाऱ्या टिबुकल्या. सीताखाईत डिसेंबरात धबधबा म्हणावा असं पाणी नसतं, ते बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात या. पण कड्यावर उभं राहून खालची दरी बघायला हाच महिना चांगला, कारण हवा स्वच्छ असते. गोरक्षनाथांच्या मंदिरात सरांनी नारळ फोडला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, मध्य प्रदेशातूनही लोक चालत येतात. टपरीवर गरम भजी आणि गुळाचा चहा. बस, वरचं एवढंच. आमचं चित्त खाली होतं.

उतरताना वाटेत दादाने वाघदेव दाखवला. झाडाखाली शेंदूर लावलेला, पुढे वाळलेली फुलं. सातपुड्यातले आदिवासी वाघदेवाला पुजतात, गुरं राख म्हणून मागणं मागतात. वाघ या बाजूने कधीच गेला, पण देव आहे. दादाने हात जोडले, आम्हीही जोडले.

रात्री नऊच्या पुढे कुत्रं एकाएकी गप्प झालं. भुंकत होतं तोवर कुणी लक्ष दिलं नव्हतं; गप्प झालं आणि बाबा उठून बसले. कुत्रं चुलीपाशी घुसलं. मग ओढ्याच्या अंगाने आवाज आला, कोरड्या लाकडावर करवत पुढे-मागे ओढावी तसा. पाच-सहा वेळा. थांबला. पुन्हा, जरा लांबून. बिबट्या. भाची माझ्या शालीत. आजींनी शांतपणे गोठ्याचं फाटक बघून घेतलं, शेकोटीत दोन ओंडके सरकवले आणि म्हणाल्या, तो त्याच्या वाटेने जातो. तरी त्या रात्री त्यांनी आम्हाला तंबूत झोपू दिलं नाही. आम्ही सगळे घरात, कणग्यांच्या शेजारी, ओळीने झोपलो.

*रात्री उठावं लागलं तर एकट्याने नको, टॉर्च पायाशी आणि भोवती फिरवत चला. प्राण्याच्या डोळ्यांवर झोत धरून ठेवू नका. खरकटं तंबूजवळ टाकू नका. लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर खळ्याबाहेर जाऊ देऊ नका. घरचे लोक जे सांगतील ते ऐका, त्यात वाद घालण्यासारखं काही नसतं.*

चौथा दिवस : दहा मिनिटं

आठ वाजता आम्ही सामान गाडीत भरायला घेतलं. गारठा कालच्याहून कमी, ऊन लवकर आलेलं. आजी भाकऱ्या थापत होत्या. मी गोधडी झटकत होते आणि भावाने माझं कोपर दाबलं. "तठे. तठे बसेल शे."

सालईच्या त्याच उजव्या फांदीवर. उन्हात, आमच्याकडे तोंड करून. दुर्बिणीतून आधी दिसले ते पाय, पांढरी विजार घातल्यासारखे, फांदीला घट्ट धरलेले. मग छातीवरचा तपकिरी पट्टा. मग ते पिवळे डोळे. शेपूट डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, कुणीतरी आतून कळ दाबल्यासारखी. मी श्वास रोखला होता. भाचीने एक शब्द काढला नाही, वही उघडली आणि वेळ लिहिली: ८.२२.

त्याने साद घातली. गळा फुगला, पांढरा डाग दिसला आणि मिटला. वरून जबाब आला. जोडी असणार. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा विणीचा काळ, म्हणजे या ढोल्यांतली एखादी त्यांची असेल. सरांनी खुर्ची त्याच्या दिशेला फिरवली नाही, दुर्बीणही उचलली नाही. नुसते बघत होते, मान वर करून. आजी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात आल्या आणि सरांच्या मागे उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी तो उतारावर खाली झेपावला आणि मोहाच्या पलीकडे गेला.

आता पाड्याचं नाव का लिहिलं नाही ते. या पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावणारे लोक मी पाहिले आहेत. फोटो मिळतो, पण विणीच्या दिवसांत तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला समजून शोधत फिरतो, ढोली आणि पिल्लं सोडून. हे करू नका. कळवळून सांगते. घुबडांच्या मागे लागणारे दुसरेही लोक आहेत, जादूटोण्यासाठी, अमावस्येच्या पूजेसाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे, पण कायदा त्या सालईखाली उभा नसतो. नंतरच्या वर्षांत मेळघाट, यावल, तानसा, मध्य प्रदेशातही तो सापडला आणि २०१८ साली त्याचा जागतिक दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' वर आला. हे चांगलं आहे. पण तरी जगातला हा पक्षी मध्य भारतातल्या अशा तुटक तुकड्यांतच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. बघायचं असेल तर सकाळी आठ ते अकरा, एका जागी बसून, निष्पर्ण झाडांकडे नजर ठेवून. उन्हाची टोपी, पाणी आणि धीर. वर चढायची गरज नाही.

निघताना आजींनी आमचुराची पुरचुंडी दिली, पैसे घेईनात. शेवटी भाचीने स्वतःची लोकरीची टोपी धाकट्या नातवाच्या डोक्यावर घातली आणि ती त्यांनी राहू दिली. बाबा आणि सर बांधापर्यंत बरोबर चालत गेले, सालईच्या खोडाला हात लावून परत आले. काय बोलले मला माहीत नाही.

परतीच्या वाटेवर उनपदेवला थांबलो. शहादा तालुक्यातच, डोंगराच्या कुशीत गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. तीन दिवसांच्या थंडीनंतर सरांनी त्या धारेखाली गुडघे धरले आणि अर्धा तास उठले नाहीत. बायकांची आंघोळीची सोय बघून जा, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते.

भावाला नंदुरबारला काम निघालं म्हणून आम्ही प्रकाशाहून तिकडे वळलो. शहराच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या वाळत घातलेल्या, नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल. खोकत-खोकत आजींच्या चटणीसाठी म्हणून दोन किलो घेतली, पुढच्या फेरीला न्यायला.

मागच्या रविवारी दादाचा फोन आला. आवाज तुटत होता. "सरांना सांगा, आज दोन बसलेत—" आणि रेंज गेली. मी तशीच उठून सरांकडे गेले. त्यांनी वही काढली, तारीख घातली, आणि पुढे लिहिलं: "दोन. सालई."